रुखवतातली हरणं

१९५४ साल, वैशाखातला शुक्रवार. ठिकाण कोल्हापूर, शिवाजी पेठेतलं एक लग्नघर. अक्षता पडून गेल्या होत्या, विहिणींची पंगत अजून बसायची होती.

रुखवताच्या टेबलापुढे हजर: नवरी कुसुम. तिची आई. तिची हुपरीची गोदाआत्या. चंदगडहून आलेल्या विहीणबाई, म्हणजे कुसुमच्या सासूबाई. त्यांच्या मागे त्यांच्याकडच्या चार-सहा बायका. आणि मी. गैरहजर: नवरदेव, त्यांना मित्रांनी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला धरून ठेवलं होतं.

कुठलीही गोष्ट सांगताना मी आधी हजेरी घेते. ही सवय दुकानातली. कोण होतं ते पक्कं झालं की काय झालं ते सांगणं सोपं जातं, असा माझा अनुभव. या गोष्टीच्या बाबतीत तो खरा ठरलेला नाही. पाच वर्षं झाली तरी ते टेबल डोळ्यांपुढे आलं की सुरुवात कुठून करायची ते मला कळत नाही.

टेबलावर नेहमीचं सगळं होतं. मण्यांचं तोरण, लोकरीचा पोपट, नारळाएवढे लाडू, सुपारीचे भटजी. मधोमध एका भल्या मोठ्या पुठ्ठ्यावर पंचवटी. कापसाचे ढग, हिरव्या कागदाची झाडं, काड्यांची पर्णकुटी, दारात कापडाची सीता. तिच्यापुढे रान पसरलेलं आणि त्या रानात हरणं. चरणारी, पळणारी, मान वळवून बघणारी. मधूनच एखादा जिराफ, एखादा झेब्रा, कुटीमागून डोकावणारा सिंह.

हरणं बोटाच्या पेराएवढी होती आणि कागदाची होती. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांच्या अंगावर काळ्या वळणदार रेघा दिसल्या, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या मानेवर. त्या रेघा टपालाच्या शिक्क्यांच्या होत्या.

मी ती हरणं ओळखली. त्यातली बरीचशी माझ्याच काचपेटीतून गेली होती.

ही काचपेटी म्हणजे काय ते आधी सांगते. महाद्वार रस्त्यावरचं दुकान माझ्या थोरल्या भावाचं, दादांचं. वह्या, शाई, पाट्या, नकाशे असा माल. संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाच्या जुन्या तिकिटांची काचपेटी मांडली. दादांनी पहिल्या दिवशी विचारलं, "अक्का, वापरलेली तिकिटं विकणार? उद्या वापरलेल्या काड्यापेट्या मांडशील." घरात आणि गावात मला सगळे अक्काच म्हणतात.

काम असं असतं. मुंबईहून कागदासकट फाडलेली तिकिटं वजनावर येतात. ती कोमट पाण्याच्या परातीत सोडायची. डिंक सुटला की तिकीट आपोआप कागदावरून सरकतं, ओढायचं नाही. मग टीपकागदावर पालथी घालून वाळवायची, जाड पुस्तकांखाली दाबायची आणि चिमट्याने उचलून निवडायची. बोटं लावायची नाहीत, बोटाला तेल असतं. तिकिटाच्या चारी कडांना जे दाते असतात ते मोजून बघायचे. एक दाता तुटला तर तिकिटाची निम्मी किंमत गेली. कोपरा फाटला तर सगळीच गेली.

बाकीचे विक्रेते देशांप्रमाणे तिकिटं लावत. मी चित्रांप्रमाणे लावली, कारण आमच्याकडे येणाऱ्यांना बोर्निओ कुठे आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं, तिकिटावरचं सांबर कसं उभं आहे याच्याशी होतं. हरणांची पुडी, सिंह-वाघांची पुडी, पक्ष्यांची पुडी. हरणांची सगळ्यांत जास्त खपायची. उत्तर बोर्निओचं सांबर, दक्षिण आफ्रिकेचं स्प्रिंगबॉक, न्यूफाउंडलंडचं कॅरिबू, ज्याच्या डोक्यावर वाळलेल्या झाडाएवढा शिंगांचा पसारा असतो. आपल्या देशाच्या तिकिटांवर तेव्हा अजिंठ्याचा हत्ती होता, कोणार्कचा घोडा होता, हरीण नव्हतं. आजही नाही.

गिऱ्हाइकं एकेक. संस्थानच्या चित्तेखान्यात नोकरी केलेले एक म्हातारे चाचा यायचे. काळविटांवर चित्ता सोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळी पुडी पालथी घालून म्हणायचे, "बाईसाहेब, ही सगळी हुबी हाईत. हुब्या हरणात काय बघायचं? पळतंय असं हाय का येखादं?" पळणारं सापडलं की तेवढं एकच घेऊन जायचे.

दुसरे कबनूरचे. मागाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. त्यांच्यासारख्या बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना मी तिकिटं बघायला म्हणून पाठवत असे. हवी ती ठेवायची, नको ती परत करायची. त्यांनी एकदा सगळीच परत केली. उघडून बघते तर प्रत्येक तिकिटावरचा शिक्का खोडरबर आणि साबण लावून घासून काढलेला. त्याबरोबर जनावरांचे डोळे गेलेले, नाकं गेलेली. सोबत चिठ्ठी: "फार घाण होती. स्वच्छ करून पाठवीत आहे. आभार मानू नयेत." त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही. माझ्या धंद्यात याहून भयंकर काही घडू शकत नाही अशी तेव्हा माझी समजूत होती.

कुसुम ही माझी सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक. शाळेत असल्यापासून फक्त हरणं घ्यायची. बाकीची जनावरं तिच्याकडे होती ती अदलाबदलीत आलेली, शेजारी-पाजारी म्हणून ठेवलेली. तिला पुडी घेणं परवडायचं नाही, म्हणून ती एकेक तिकीट निवडायची आणि त्यासाठी आठवडाभर विचार करायची. पेठेतल्या ज्या ज्या घरी परदेशातून पत्र येतं ती घरं तिला पाठ होती. त्या घरांतल्या पोरांचे निबंध तिने लिहून दिले, एका डॉक्टरांच्या बायकोला भरतकाम करून दिलं, आणि पाकिटांचे कोपरे मिळवले. अल्बममध्ये प्रत्येक हरणाखाली ते कुठे राहतं, काय खातं, शिंगं कधी गाळतं ते बारीक अक्षरात लिहिलेलं. वाचनालयातून शोधून काढलेलं.

तिला बघायला चंदगडची मंडळी आली तेव्हा मुलाने अल्बम चाळला. नंतर तिने दुकानात येऊन मला सगळं सांगितलं.

"अक्का, त्यांनी विचारलं, यातलं आपल्याकडचं हरीण कुठलं? मी म्हटलं, एकही नाही, आपल्या तिकिटावर हरीण नाहीच."

"मग?"

"मग म्हणाले, तिकिटावर नसलं तरी आमच्या रानात आहे. भेकर आहे, सांबर आहे. पहाटे भाताच्या खाचरात येतात."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मागची पानं कोरी आहेत. तिथे त्यांचं लिहिता येईल."

त्यावरून मी समजले की लग्न ठरलं. त्यानंतर दर भेटीत ती एक वाक्य ऐकवायची: "भांडी बाबांची, साड्या मामाच्या, डोरलं आजीचं. अल्बम तेवढा माझा." चंदगड लांब, पाऊस दांडगा, घर मोठं, माणसं अनोळखी. त्या घरात आपलं असं एक काहीतरी घेऊन जायचं, हे तिच्या मनाने घेतलं होतं.

आणि ते आता टेबलावर खळ लावून चिकटवलेलं होतं.

मी कुसुमकडे पाहिलं. हळद लागलेला चेहरा पांढरा पडतो हे मी त्या दिवशी पाहिलं. तिचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि ती न्यूफाउंडलंडच्या कॅरिबूकडे बघत होती. ते कापडी सीतेच्या अगदी पायाशी होतं.

गोदाआत्याला कसलाच पत्ता नव्हता. ती जोरात होती. "बघा विहीणबाई, नीट बघा! एक शिंग मोडलंय का सांगा. चांदीचा पत्रा कापायची कातर घेऊन बसले हुते मी. डोळ्याची बुबळं भाईर यायची पाळी आली."

खोटं नव्हतं ते. आत्याच्या घरी हुपरीत पैंजण घडवतात आणि नक्षी कापायचं काम तिच्याच हातचं. कॅरिबूच्या शिंगांना जेवढे फाटे तेवढे सगळे शाबूत होते. केसाएवढा कागदही जादा राहिला नव्हता. मी इतकी वर्षं तिकिटं हाताळली, पण इतकी सफाईदार कापणी पाहिली नाही. प्रत्येक तिकीट तितक्याच सफाईने संपलं होतं.

विहीणबाईंनी पदर खोचला, वाकल्या, आणि नाक पुठ्ठ्याला लागेल इतक्या जवळून रान बघितलं. रुखवताला नावं ठेवणं हा विहिणीचा हक्क, आणि या बाई त्याबद्दल प्रसिद्ध होत्या म्हणे. थोरल्या सुनेच्या रुखवतातल्या हंसाला त्यांनी कोंबडी म्हटलं होतं.

"अगं बाई गं," त्या म्हणाल्या. "आमच्या रानात सांबरं हाईत, भेकरं हाईत. पर असली शिंगं म्या जल्मात न्हाय बघितली. कुठली म्हणायची ही?"

"देशोदेशीची!" आत्या म्हणाली. "कुसुमचीच हाईत की. ल्हानपणापास्नं गोळा केलीत पोरीनं. म्हटलं, पेटीत झाकून काय करायची? तुमच्या घरी जायचीच हाईत, तर मानानं जाऊ देत."

विहीणबाई कुसुमकडे वळल्या. "तू जमवलीस व्हय गं ही?"

कुसुमने मान हलवली. नजर खालीच होती.

"लाजतीया बघा," मागची कोणीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. विहीणबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "ह्ये असं रुखवत चंदगडात आलं न्हाय. भिंतीवर लावणार मी ह्ये." कुसुमच्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला. मुलगी सासूच्या मनात भरली होती. आईला आणखी काय हवं?

साडी बदलायला म्हणून कुसुमला आतल्या खोलीत नेलं तेव्हा मी मागोमाग गेले. आई, आत्या, ती आणि मी. दार लोटलं. मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही.

"आत्या, माझी पेटी कुणी उघडली?"

"मी उघडली की. चावी तुझ्या आईकडं हुती. अगं, हलवायाकडनं साखरेची हरणं आणली हुती मी, ही अशी मोठी. काल डबा उघडला तर मुंग्यांनी सगळ्यांचे पाय खाल्लेले. बिनपायाची हरणं मांडू व्हय सीतेपुढं? तू हळदीत बसलेलीस, तुला उठवायची न्हाय. मग आठवलं, पोरीच्या वहीत हरणंच हरणं हाईत."

"आत्या, माझी बोटं कापली असतीस तरी मी एवढं बोलले नसते."

"कुसुम!" आई म्हणाली. "हळू. बाहेर विहीणबाई आहेत."

आत्या हसायला लागली होती, ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. "काय झालं काय? वापरलेली तिकिटं ती! समद्यांवर शिक्के! कोरी असती तर हात लावला असता का मी? टपालातलं पोरगंसुद्धा परत घेत न्हाय ती. व्हय का न्हाय, अक्का?"

बाहेरच्या माणसाला शिक्का म्हणजे तिकीट मेल्याची खूण. मी तिला मुद्द्यांत सांगितलं, कारण मला दुसरं येत नाही. शिक्का असला तरी जमवणाऱ्याला तिकीट चालतं. दाता तुटला तर निम्मं जातं. कापलं तर काहीच उरत नाही. ही तिकिटं कुसुमने अकराव्या वर्षापासून जमवली. यातली काही पुन्हा मिळणार नाहीत.

आत्या मटकन पाटावर बसली. जरीच्या लुगड्यातली धिप्पाड बाई, बसली ती अशी की पाट हलला. "मला वाटलं," ती म्हणाली, "मला वाटलं मी पोरीचं नाव काढलं." नंतर तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं. मी माणसांना धक्का बसलेला पाहिला आहे. तिच्याएवढा बसलेला पाहिलेला नाही.

तेव्हा मला सुचलं ते काम. "आत्या, उरलेलं कुठे आहे?"

"काय उरलेलं?"

"कडा. चौकटी. हरीण कापून काढल्यावर जे राहिलं ते."

"केरात की. काय करायचंय त्याचं? आचारी सकाळी जाळ धरायला रद्दी मागत हुता, त्याला दिली."

मी पळाले. माझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढचं, अंगावर ठेवणीतलं इरकली लुगडं, आणि मी लग्नघरातून पळत मागच्या अंगणात गेले. चुलाणावर बासुंदीची कढई चढलेली. मुख्य आचारी झारा घेऊन उभा.

"अक्का, पंगतीला येळ हाय अजून."

"पंगतीला नाही आले. सकाळची रद्दी कुठाय?"

"पेटवली."

"सगळी?"

"निम्मी. निम्मी हाय त्या पोत्यात. का, काय दागिना-बिगिना गेला का काय?"

मी पोतं उपडं केलं. केळीची सालं, नारळाच्या शेंड्या, लग्नपत्रिकांची पाकिटं, चिंध्या, आणि त्यांत मधूनमधून कागदाचे बारीक तुकडे. तिकिटाएवढी चौकट, चारी बाजूंना दाते, वर देशाचं नाव, खाली किंमत, आणि मध्ये हरणाच्या आकाराचं भोक. मी सूप मागितलं आणि तुकडे वेचायला लागले. कातर इतकी नेमकी चालली होती की भोकावरून हरीण ओळखू येत होतं. हे बोर्निओ. हे स्प्रिंगबॉक. शिंगांच्या जाळीचं भोक दिसलं तेव्हा मी मोठ्याने काहीतरी बोलले असणार, कारण आचारी झारा ठेवून जवळ आला आणि वाकून बघायला लागला.

"अक्का," तो अगदी हळू म्हणाला, "भोकं गोळा करताय व्हय?"

"होय."

त्याने मदतनिसाला हाक मारली. "जाळ त्येवढा शेणीवरच ठेव रं. रद्दीला हात लावू नगंस." वेड लागलेल्या माणसाला जपावं तसं त्याने मला पाणी आणून दिलं.

काही चौकटी चुलाणात गेल्या. बहुतेक वाचल्या. त्या मी चहाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणल्या.

पाठवणीच्या वेळी कुसुम माझ्या पाया पडली. उठताना माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, शिंगं सगळी धड आहेत. मी बघितली."

मी म्हटलं, "चौकटी माझ्याकडे आहेत."

तिला दिवसभराचं सगळं रडं एकदम आलं. पाठवणीला नवरी रडली यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. पुठ्ठा विहीणबाईंच्या मांडीवर होता. चंदगडच्या मोटारीत त्यांनी तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.

पुढचं थोडक्यात. विहीणबाईंनी शब्द पाळला. पंचवटी काचेत बसवून घेतली आणि सोप्यात, दारातून आत आल्या आल्या समोर दिसेल अशी लावली. येईल त्याला त्या ती दाखवतात. तलाठी आला, दाखवली. काजूचे व्यापारी आले, दाखवली. "माझ्या सुनेचं रान" असं म्हणतात. स्वभावाने कडक बाई, पण त्या काचेसमोर उभ्या राहिल्या की सुनेशी गोड बोलतात, असं कुसुम सांगते. कुसुम रोज सकाळी त्याखाली केर काढते.

मी तिला लिहिलं होतं की मी सगळी तिकिटं पुन्हा शोधून देते. धंद्यात ओळखी आहेत, वेळ लागेल पण मिळतील. तिचं उत्तर आलं: "नकोत. ती तुम्ही मिळवलेली असतील." मला ते लागलं, पण तिचं बरोबर होतं.

लग्नानंतर दोनेक महिन्यांनी गोदाआत्या हुपरीच्या एसटीने दुकानात आली. काचपेटीपुढे उभी राहून म्हणाली, "मोडतोडीचं एक तिकीट दे. बिनकामाचं." मी दिलं. तिने कनवटीची पिशवी सोडली, कातर काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातला हत्ती कापून वेगळा केला. मग म्हणाली, "आता सांध."

"काय?"

"आमी चांदी सांधतो. सांधा कुठं हाय ते गिऱ्हाईक शोधत बसतंय. कागुद का न्हाय सांधायचा?"

त्या दुपारी आणि नंतर अनेक दुपारी आम्ही दोघी ते करून बघत बसलो. खळ चालत नाही, सुरकुतते. तांदळाची पातळ पेज चालते. मागून पतंगाच्या कागदाहून पातळ कागद लावायचा. हत्ती चौकटीत परत बसला. मी तो उजेडात धरला. सोंडेभोवती बारीक रेघ दिसत होती.

"दिसतो," मी म्हटलं. "बाजारात याची किंमत शून्य."

"उजेडात धरायचंच कशाला?" आत्या म्हणाली. "पोरीनं बाजारात बसायचंय व्हय?"

धंद्यात दुरुस्त केलेलं तिकीट मी कधी हातात धरलेलं नव्हतं, आणि इतरांनी धरलं तर त्यांना चार शब्द सुनावले होते. पुढच्या खेपेला मी चौकटींचा डबा दुकानात आणला.

तेव्हापासून आमची तयारी आहे. डब्यातल्या प्रत्येक चौकटीला मागून कागद लावून झाला आहे. प्रत्येकीवर पेन्सिलीने खूण आहे, कोणतं हरीण कुठे बसतं याची. हरणं काचेमागे चंदगडला आणि त्यांची भोकं डब्यात कोल्हापूरला, अशी पाच वर्षं गेली.

आता थांबून चालणार नाही, आणि याची कारणं आहेत. एक म्हणजे चंदगडचा पाऊस. काचेच्या आत ओल गेली आहे. दुसरं म्हणजे खळ. झुरळं लागू नयेत म्हणून आत्याने तीत मोरचूद घातला होता, शहाणपणाने. तोच आता कागदात उतरतो आहे. कुसुम पंचमीला माहेरी आली तेव्हा म्हणाली, खालच्या कोपऱ्यातलं स्प्रिंगबॉक पायांपासून हिरवं व्हायला लागलंय. आणि तिसरं कारण आत्या स्वतःच. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. पुठ्ठ्यावरून हरीण शिंगासकट उचलणं हे माझ्या चिमट्याचं काम नाही. ते तिलाच जमेल, आणि तेही फार दिवस नाही.

मी कुसुमला म्हटलं, "मग काच उघडायला सांग."

"कुणाला? सासूबाईंना? अक्का, त्यांना काय सांगू? माझ्या लग्नात माझंच सामान चोरून कापलं, आणि तुम्ही पाच वर्षं तेच कौतुकानं मिरवताय? आत्याची काय लाज राहील? त्यांची काय राहील?"

"नवऱ्याला सांग."

"त्यांना माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात विचारलं त्यांनी, अल्बम कुठाय? तेव्हापासून ते आईंच्या समोर त्या भिंतीकडे बघत नाहीत." मग ती थोडी हसली. "तुम्हाला दिवाळी अंकात लिहायला सांगितलंय ना? हेच लिहा. आमच्याकडे अंक येतो. सासूबाईंना अक्षर लागत नाही, मीच वाचून दाखवते. हेही वाचीन."

गोदाआत्याला विचारलं. ती म्हणाली, "लिव्ह की. जगाला कळू दे माझी अक्कल." तरी मी नावं बदलली आहेत.

पण कुसुमची युक्ती मला पटलेली नाही. त्या बाईंनी पाच वर्षं ज्याच्यावर जीव लावला ते काय आहे, हे त्यांना छापील कागदावरून, सुनेच्या तोंडून, इतर बायकांच्या देखत कळावं हे बरं नाही. त्या दिवशी आतल्या खोलीत आत्याचं तोंड कसं झालं होतं ते मी पाहिलं आहे. तसं दुसऱ्या कुणाचं व्हायचंच असेल तर समोर माणूस हवं.

ते माणूस मी, असं आमच्यात ठरलं आहे. अंक निघायच्या आत चंदगडला जायचं. बरोबर आत्या आणि चौकटींचा डबा; तांदळाची पेज तिथेच करता येईल. सोप्यात बसायचं, चहा घ्यायचा, मग भिंतीकडे बोट दाखवून सुरुवात करायची. पहिलं वाक्य काय असावं याचे मी चार मसुदे केले आणि चारही फाडले. संपादकांनी मजकूर मागितला तो हा आज देते आहे. चंदगडची गाडी रोज सकाळी सुटते. मी अजून गेलेले नाही.